अंगणवाडी-बालवाडीच्या खोलीतली हवा: सुरुवात कुठून करायची आणि पैसे कशावर शेवटी खर्च करायचे

एक साधारण खोली धरा: २० फूट लांब, १५ फूट रुंद, १० फूट उंच. म्हणजे ३००० घनफूट, सुमारे ८५ घनमीटर हवा. आत तीन ते सहा वर्षांची वीस मुलं, सेविका आणि मदतनीस. दारं-खिडक्या लावून घेतल्या तर या बावीस जणांच्या श्वासाने खोलीतला कार्बन डायऑक्साइड पंधरा मिनिटांत बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, ते पीपीएम) ११०० च्या वर जातो आणि तासाभरात ३००० ओलांडतो. एवढ्या प्रमाणात तो विषारी नसतो. पण तो साठतोय याचा अर्थ सर्दी-खोकल्याचे विषाणू, चुलीचा धूर, फिनाईलचा दर्प, सगळंच आत साठतंय.

लहान मुलांना याचा त्रास जास्त होतो. वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा बरीच जास्त हवा आत घेतात आणि खाली बसल्यावर त्यांचं नाक जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतं. झाडू मारल्यावर उडालेली धूळ तिथेच तरंगत असते.

सुधारणेचा क्रम ठरलेला आहे. आधी घाण आत तयार होणं थांबवायचं, मग बाहेरची हवा आत येऊ द्यायची, मग मोजायचं, आणि गाळणारं यंत्र सगळ्यात शेवटी. खर्च मात्र बहुतेक ठिकाणी उलटा होतो: देणगीतून एअर प्युरिफायर येतो आणि त्याच्या मागची खिडकी रंगाने चिकटून दहा वर्षं बंद असते.

पहिली पायरी: काही विकत न घेता खोली नीट बघा

वहीत खोलीचा साधा नकाशा काढा. प्रत्येक खिडकी, दार, झरोका त्यात दाखवा आणि समोर लिहा: उघडते का, पूर्ण उघडते का, पुढे काय ठेवलंय. कपाट, टीएचआरची (घरी न्यायच्या शिध्याची) पोती, वजनकाटा, फ्लेक्सचा बॅनर यांनी निम्म्या खिडक्या अडलेल्या सापडतील. सरकत्या काचेची खिडकी कितीही मोठी असली तरी तिचा निम्माच भाग उघडतो, तेव्हा तिचं क्षेत्रफळ निम्मंच धरा. डासांची जाळी असेल तर ती उजेडात धरून बघा. धुळीने भोकं बुजलेली जाळी म्हणजे जवळजवळ बंद खिडकी.

उघडणाऱ्या सगळ्या जागांची बेरीज करा. दमट-उष्ण हवामानात ती जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावी. आपल्या ३०० चौरस फुटांच्या खोलीला ५० चौरस फूट. शहरातल्या भाड्याच्या खोलीत इतकी जागा मिळणार नाही. तिथे पंख्याशिवाय गत्यंतर नाही, त्याबद्दल पुढे.

मुलं घरी गेल्यावर एक उदबत्ती लावून प्रत्येक खिडकीशी, दाराशी आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्याशी धरा. धूर आत वळतो की बाहेर जातो, ते नकाशावर बाणाने दाखवा. धूर सरळ वर जाऊन घुटमळत असेल तर तिथे हवा हलत नाही. छताचा पंखा बंद ठेवून आणि चालू करून, दोन्ही वेळा बघा. पंखा चालू असला की हवा फिरल्यासारखी वाटते, पण तो आतलीच हवा ढवळतो. नवी हवा आणत नाही.

आणखी एक गोष्ट. वर्ग भरल्यावर तासाभराने बाहेर जा, पाच मिनिटं थांबा आणि परत आत या. आत शिरताना जो वास येतो तो खरा. आत बसलेलं नाक त्याला कधीच सरावलेलं असतं.

दुसरी पायरी: आतला धूर, धूळ, दर्प थांबवा

चूल. गरम ताजा आहार त्याच इमारतीत शिजत असेल तर सगळ्यात मोठा स्रोत हाच. लाकडाची चूल वर्गाच्या खोलीत किंवा उघड्या दारापलीकडे असू नये. गॅस आला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही: धूर गेला तरी निळ्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि फोडणीचे तेलकट कण हवेत राहतात. शेगडीच्या वर, भिंतीत, एक एक्झॉस्ट पंखा हवा. वर्ग आणि स्वयंपाकघर यांच्यातलं दार शिजवताना बंद ठेवा आणि तळाला दीड-दोन इंच फट ठेवा, म्हणजे हवा वर्गाकडून स्वयंपाकघराकडे ओढली जाते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीला जमिनीजवळ एक जाळीचं भोकही हवं.

इथे एक चूक वारंवार होते. वर्गात एक्झॉस्ट पंखा बसवला जातो आणि स्वयंपाकघरात नाही. वर्गातला पंखा मग हवा कुठून ओढणार? जवळच्या उघड्या दारातून, म्हणजे थेट शेगडीवरून. पंखा एकच परवडत असेल तर तो स्वयंपाकघरात बसवा.

डासांची कॉइल. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. मुलं येण्याआधी लावून विझवली तरी कण तासभर तरंगतात. त्याऐवजी खिडकीला धुतलेली जाळी, छताचा पंखा जोरात (वाऱ्यात डास नीट उडू शकत नाहीत), आणि आवारातली डबकी, टायर, करवंट्या साफ. प्रार्थनेच्या वेळची उदबत्ती-धूप अंगणात. कोळशाची शेगडी थंडीत ऊब म्हणून आत आणायची तर मुळीच नाही. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

डांबरगोळ्या. कपाटात, शौचालयात सर्रास टाकल्या जातात. त्या नॅप्थॅलीनच्या असतील तर रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, आणि रंगीत गोळी तोंडात घालणारं मूल तर कुठेही असतं. काढून टाका. रूम फ्रेशनर वास झाकतो, हवा बिघडवतो. शौचालयाचा वास येत असेल तर आधी फरशीवरच्या जाळीच्या सांडपाणी-ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. वापर नसला की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा सरळ वर येते.

स्वच्छता. कोरडा झाडू मुलं असताना नको. मुलं येण्याच्या किमान अर्धा तास आधी, खिडक्या उघडून, ओल्या फडक्याने पुसा. शेणाने सारवलेली किंवा मातीची जमीन असेल तर हलका सडा मारून मग झाडा. सतरंज्या आत झटकू नका. आठवड्यातून एकदा बाहेर, वर्गाच्या खिडकीपासून लांब, काठीने झोडपून तीन-चार तास उन्हात टाका. फळा ओल्या फडक्याने पुसा आणि डस्टर भिंतीवर आपटू नका. फिनाईल, सॅनिटायझर वगैरे मुलं गेल्यावरच, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. दुप्पट टाकल्याने जंतू दुप्पट मरत नाहीत, दर्प तेवढा वाढतो. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं द्रावण आणि शौचालयाचं ॲसिड एकाच दिवशी एकाच भांड्यावर वापरू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू तयार होतो. मदतनीसताईंना हे तोंडी सांगा आणि बाटल्या वेगळ्या फळ्यांवर ठेवा.

शहरात कबुतरं हा वेगळा उपद्रव आहे. खिडकीच्या कट्ट्यावरची सुकलेली विष्ठा वाऱ्याने आत येते आणि तिच्यामुळे फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येऊ शकते. विष्ठा कोरडी खरवडू नका: एन-९५ मास्क लावून, पाण्याने पूर्ण भिजवून, मग काढा आणि जाळं बसवा.

तिसरी पायरी: हवा आत येईल आणि बाहेरही जाईल

उद्दिष्ट एका आकड्यात: तासाला पाच वेळा खोलीतली हवा बदलली पाहिजे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये वापरात असलेल्या इमारतींसाठी हाच आकडा सुचवला. आपल्या ८५ घनमीटरच्या खोलीला ताशी ४२५ घनमीटर. वीस मुलांचा हिशेब वेगळ्या बाजूने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड १००० च्या आत ठेवायला किती हवा लागेल असा केला, तरी उत्तर जवळपास तेवढंच येतं. खोली लहान आणि मुलं तेवढीच असतील तर मात्र पाच वेळा पुरत नाही. भाड्याच्या १०×१२ च्या खोलीत तीच वीस मुलं असतील तर हवा तीच ४२५ घनमीटर लागते, खोली निम्म्याहून लहान म्हणून ती तासाला बारा-तेरा वेळा बदलावी लागते. अशा खोलीत दोन गट करून एक गट अंगणात ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

वारा एका भिंतीतून येऊन समोरच्या भिंतीतून जायला हवा. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्या उघडल्या तर खोलीचा पुढचा तुकडा हवेशीर होतो, मागच्या भिंतीशी बसलेली मुलं तशीच राहतात. समोर खिडकी नसेल तर दाराच्या वरची झडप किंवा छताजवळचा झरोका उघडा. गरम हवा वर जाते, त्यामुळे खालची खिडकी आणि वरचा झरोका ही जोडी वारा पडलेला असतानाही थोडंफार काम करते. कौलारू खोलीत हे आपोआप होतं: कौलांच्या फटीतून वरची हवा निघून जाते. गळती थांबवायला कौलांखाली ताडपत्री ताणली की ही वाट बंद होते. मग गॅबलच्या तिकोनी भिंतीत दोन्ही टोकांना जाळीची भोकं ठेवा. छताला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, घासू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू धोकादायक असतात.

नैसर्गिक वारा पुरत नसेल तर एक्झॉस्ट पंखा. बसवताना पुढचं बघा.

डब्यावर पंखा तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. तो आकडा जाळी-झडपेशिवायचा असतो, धूळ बसल्यावर आणखी उतरतो. म्हणून लागणाऱ्या हवेच्या दीडपट क्षमतेचा घ्या: ४२५ हवे असतील तर ६५० च्या आसपास किंवा जास्त. बहुतेक वेळा १२ इंची, म्हणजे ३०० मिलिमीटरचा पंखा हे गाठतो.

त्याच आकारात मिनिटाला १४०० फेऱ्यांचा आणि ९०० फेऱ्यांचा असे प्रकार मिळतात. बालवाडीला ९०० चा. १४०० चा जास्त हवा फेकतो, पण त्याच्या आवाजात गाणी-गोष्टी ऐकू येत नाहीत, आणि मग दुसऱ्याच दिवसापासून तो बंद राहतो. हवेचे निम्मे उपाय आवाजापायी बंद पडतात.

पंखा छताजवळ, हवा जिथून येते त्याच्या समोरच्या भिंतीत. दाराच्या वर किंवा उघड्या खिडकीच्या शेजारी बसवला तर तो तीच शेजारची हवा ओढून बाहेर टाकतो आणि बाकीची खोली जागच्या जागी. नेहमीचा वारा ज्या दिशेने येतो त्या भिंतीत बसवू नका; कोकणात पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येचा, त्या बाजूला बसवलेला पंखा पाणीही आत घेईल.

पंखा चालू असताना समोरच्या भिंतीत किमान तीन चौरस फूट जागा उघडी हवी. सगळं बंद करून पंखा लावला की तो फक्त घरघरतो. बाहेरची पट्ट्यांची झडप दर दोन महिन्यांनी बोटाने उघडून बघा. तेल-धुळीने चिकटली की पंखा फिरतो आणि हवा मात्र जात नाही. पंखा आधी आणा, माप घ्या, मगच गवंड्याला भिंत फोडायला सांगा. बटण मुलांच्या हाताबाहेर आणि वायर उघडी नको, हे वेगळं सांगायला नको.

मुलं यायच्या पंधरा मिनिटं आधी पंखा सुरू, ती गेल्यावर पंधरा मिनिटांनी बंद. मध्ये बंद करू नका.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये हवा आत आणायचं काम कूलर करू शकतो, तो योग्य जागी असेल तर. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, तोंड आत, आणि समोरची खिडकी उघडी: मग तो भरपूर बाहेरची हवा ओल्या गवतातून गाळून आत ढकलतो. तोच कूलर खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर आतलीच हवा दमट करत बसतो, तासाभरात सगळे घामेजतात आणि ‘कूलर काम करत नाही’ अशी तक्रार येते. टाकीतलं पाणी आठवड्याच्या कोरड्या दिवशी पूर्ण काढा, टाकी घासून सुकवा. नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात. गवताला शेवाळी वास आला की बदला.

स्प्लिट एसी बाहेरची हवा अजिबात आत आणत नाही, हे पुण्या-मुंबईच्या अनेक प्लेग्रुपांच्या चालकांना माहीत नसतं. बाहेरचं यंत्र दिसतं म्हणून हवाही बाहेरून येते असा समज होतो. एसी लावायचाच तर तापमान २६ ठेवा, एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं दार-खिडकी पूर्ण उघडा. वीज थोडी जास्त जाईल, जाऊ द्या. पाळणाघरात दुपारच्या झोपेच्या वेळी सगळं बंद करून घेतात. दिवसातली सगळ्यात कोंदट वेळ ती.

चौथी पायरी: मोजा

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना आत ‘एनडीआयआर’ सेन्सर, म्हणजे अवरक्त किरणांनी थेट हाच वायू मोजणारा, आहे ना, ते विचारा. अगदी स्वस्त मीटरांत तो नसतो. ते दुसरेच वायू हुंगून अंदाजे आकडा दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी: मीटरजवळ सॅनिटायझर ओतलेला कापूस धरा. आकडा उसळला तर मीटर परत करा. खऱ्या मीटरची किंमत काही हजारांत असते, म्हणून प्रत्येक अंगणवाडीला एक घेण्याऐवजी बीटमध्ये (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात) एक घेऊन पर्यवेक्षिकांमार्फत आठवडा-आठवडा फिरवला तरी काम भागतं.

मीटर आधी अंगणात पंधरा मिनिटं ठेवा. ४०० ते ४५० च्या आसपास दाखवायला हवा, रहदारीच्या रस्त्याजवळ थोडा जास्त. बरेच मीटर मधूनमधून मोकळी हवा मिळते असं गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. कायम कोंदट खोलीत ठेवलेला मीटर म्हणून हळूहळू खोटं बोलायला लागतो. वर्गात तो अडीच-तीन फुटांवर, खिडकीपासून आणि मुलांच्या तोंडापासून निदान तीन फूट लांब ठेवा. मुलं कौतुकाने त्यावर फुंकर मारतात. आकडा २००० झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, दोन मिनिटं थांबा.

वर्ग भरल्यावर तासाने ८०० च्या आत असेल तर उत्तम, १००० पर्यंत चालेल, १५०० च्या वर गेला तर आजच काहीतरी उघडायला हवं. दर अर्ध्या तासाला आकडा आणि त्या वेळी काय उघडं होतं, एवढंच वहीत लिहा.

हवा तासाला किती वेळा बदलते हेही याच मीटरने कळतं. मुलं गेल्यावर खिडक्या-पंखा होते तसेच ठेवा, तुम्हीही बाहेर थांबा. समजा आकडा १४२० आहे. बाहेरचे ४२० वजा केले तर जादा उरले १०००. ही जादा रक्कम ३७० वर, म्हणजे मीटरचा आकडा ७९० वर यायला जितकी मिनिटं लागतील, त्याने ६० ला भागा. १२ मिनिटं लागली तर तासाला पाच वेळा, ३० लागली तर दोनच वेळा. पंखा बसवण्याआधी आणि नंतर ही चाचणी करा. ठेकेदाराच्या बोलण्यापेक्षा हा आकडा खरा.

सूक्ष्म धूलिकणांचा, म्हणजे पीएम २.५ चा मीटर वेगळा असतो. दिवसभराच्या सरासरीला भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५. लेसरवर चालणारे स्वस्त मीटर धुक्यात आणि दमट हवेत पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतात, तेव्हा पावसाळी सकाळचा मोठा आकडा मनावर घेऊ नका.

पाचवी पायरी: ओल आणि बुरशी

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते ऑक्टोबर हा खरा प्रश्न हाच. बुरशी पुसण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नाहीतर तीन आठवड्यांत ती परत त्याच जागी. छताजवळचा डाग वाढत असेल तर स्लॅब किंवा पन्हळ गळतेय. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पोपडे असतील तर जोत्यातून ओल चढतेय. बाहेर भिंतीला टेकून माती चढली आहे का, पागोळ्यांचं पाणी पायाशी साचतं का, ते बघा. शंका असेल तर भिंतीवर फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दिवसभर ठेवा. प्लॅस्टिकच्या मागे पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, पुढच्या बाजूला जमलं तर हवेतून.

दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी स्वतः काढता येते: मुलं नसताना, मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने ताठ ब्रशने घासायची, पुसायची, पंखा लावून पूर्ण सुकवायची. कोरडी खरवडली तर तिचे बीजाणू खोलीभर उडतात. बुरशी आलेले तक्ते, पुठ्ठ्याची खेळणी फेकून द्या, ती साफ होत नाहीत. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारणं ही नेहमीची चूक: पाणी आत कोंडतं आणि वर्षभरात रंग फुग्यांसकट सुटतो. जुन्या जाड भिंतींना चुन्याची सफेदी बरी. भिंत सुकू शकते आणि चुन्याच्या क्षारात बुरशी सहज वाढत नाही.

भर पावसात बाहेरचीच हवा दमट असते, खिडकी उघडून खोली सुकणार नाही. तरीही माणसं असताना खिडकी उघडी हवी, श्वासासाठी. ओल्या छत्र्या-रेनकोट पडवीत, कपाटं भिंतीपासून चार इंच पुढे, सतरंज्या फळीवर गुंडाळून, आणि ऊन पडलं की सगळं बाहेर.

सहावी पायरी: रंग आणि नवं सामान

बोलक्या भिंती (चित्रं-अक्षरं काढलेल्या) रंगवायच्या असतील तर काम सलग सुट्टीत काढा, पाण्यात मिसळणारा रंग वापरा आणि नंतर निदान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून खोली रिकामी ठेवा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असायला हवं असा नियम आहे. डब्यावर तसं लिहिलेलं बघूनच घ्या. जास्त धोका जुन्या ऑइल पेंटमध्ये असतो. तो कोरड्या पॉलिश पेपरने घासला की शिसं धुळीसारखं सगळीकडे बसतं, आणि मुलांचे हात जमिनीवरून तोंडात जातात. पाणी मारून ओला खरवडायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, शेवटी जमीन दोनदा पुसायची.

प्लायवूडचं नवं फर्निचर, फोमच्या रंगीत मॅट यांना वास असेपर्यंत त्या वर्गात नकोत. आठ-दहा दिवस पडवीत मोकळ्या ठेवा.

सातवी पायरी: बाहेरचीच हवा वाईट असेल तर

हिवाळ्यात सकाळी थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर जात नाही. ऊसपट्ट्यात पाचट पेटवलेलं असतं, गावाच्या कडेला वीटभट्टी, शहरात रस्त्याची धूळ आणि कचऱ्याची आग. समीर ॲपवर किंवा मुंबई-पुण्यासाठी सफरवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, बघा, पण शेजारचा पेटलेला कचरा ॲपला दिसत नाही; नाक आणि डोळे वापरा. अशा सकाळी रस्त्याकडच्या खिडक्या लावा, मागच्या थोड्या उघड्या ठेवा, पळापळीचे खेळ अकरानंतर घ्या. सगळं बंद करून चार तास बसणं हा उपाय नाही.

आता प्युरिफायर. तो धूळ-धूर-विषाणू गाळतो; कार्बन डायऑक्साइड आणि कोंदटपणा तसाच राहतो. खरा हेपा फिल्टर (अगदी सूक्ष्म कण अडवणारा) आणि सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं, हा आकडा बघा. आपल्या खोलीला तो ताशी ४२५ घनमीटर हवा, आणि कंपनीचा आकडा यंत्र पूर्ण वेगात असतानाचा असतो. पूर्ण वेगात आवाज सहन होत नाही, म्हणून एक मोठा जोरात चालवण्यापेक्षा दोन मध्यम वेगात बरे. भिंतीपासून फूटभर पुढे, मुलांच्या पायांत न येईल असा. बाहेरची जाळी दर पंधरवड्याला धुवा, हेपा कधीही धुऊ नका. आयन किंवा ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका. ओझोन श्वासनलिकेला त्रास देतो. बदली फिल्टरची किंमत विकत घेण्याआधी विचारा. वर्षाने तो पैसा कुठून येणार हे ठरलं नसेल तर यंत्र घेऊ नका.

चार फिल्टर आणि एक पंखा चिकटवून बनवायचा कोर्सी-रोझेंथाल डबा २०२० पासून अमेरिकेत शाळांनी वापरला. आपल्याकडे त्याला लागणारा २० इंची चौकोनी पंखा आणि मर्व्ह १३ दर्जाचे (सूक्ष्म कण अडवणारे) फिल्टर सहज मिळत नाहीत. त्याऐवजी टेबल फॅनला फिल्टर बांधू नका. तो हवा ओढू शकत नाही आणि मोटर तापते.

पैसे आणि अर्ज

जाळ्या धुणं, कपाट हलवणं, खिडकीचा रंग पटाशीने सोडवणं याला पैसे लागत नाहीत, हे याच आठवड्यात करा. पंखा, झरोका, गळतीची दुरुस्ती यासाठी ग्रामपंचायतीकडे महिला व बालकल्याणासाठी राखलेल्या १० टक्के निधीतून मागणी करता येते. प्रत पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्या. ‘खोलीत हवा खेळत नाही’ एवढं लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. खोलीचं माप, मुलांची संख्या, मीटरचे तीन दिवसांचे आकडे, आणि नेमकं काय हवं ते लिहा: कोणत्या भिंतीत, किती इंची, किती फेऱ्यांचा पंखा, वायरिंगसह. भाड्याची खोली असेल तर भिंत फोडण्याची घरमालकाची लेखी संमती जोडा. पंखा आणि जाळ्या वर्षातून दोनदा कोण साफ करणार, बिघडला तर वायरमन कोण बोलावणार, हेही त्याच अर्जात नावानिशी असू द्या.